बघ्या

स्टीलचा ग्लास फरशीवर पडला आणि मी मोठ्यानं म्हणालो, "चार बारा."

क्रांती चौकातलं आमचं नेहमीचं हॉटेल. शेजारच्या टेबलावरच्या एका गृहस्थाचं कोपर लागलं, पाण्याचा ग्लास खाली गेला, दोनदा उडाला, मग कडेवर गरगर फिरत शांत झाला. असे ग्लास त्या हॉटेलात दिवसातून वीस वेळा पडत असतील. कोणी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. माझ्यासमोर राजकुमार बसला होता, माझ्याच कंपनीतला, दहा वर्षांचा सोबती. त्यानं मनगट वळवून घड्याळ बघितलं. "सव्वासहा झाले यार. कुठं हरवला?" मी म्हणालो, काही नाही. चहा उचलला तर बशीत सांडला. हात थरथरत होता, आणि तो कसा थरथरतोय हे मला नीट दिसत होतं. करंगळीपासून सुरू होऊन मनगटापर्यंत. दिसण्याच्या बाबतीत मी कधी कमी पडलो नाही. तीच तर रड आहे.

वाळूजला आमच्या कंपनीत गाड्यांना लागणारे रबरी सील तयार होतात. मी तपासणीच्या टेबलावर असतो. डोक्यावर गोल ट्यूब, मध्ये भिंग, समोर तीन ट्रे, हिरवा, पिवळा आणि लाल. सील उचलायचा, भिंगाखाली एकदा फिरवायचा आणि मनात नाव घ्यायचं. चीर. बुडबुडा. डाग. काहीच नसेल तर हिरव्यात. चौदा वर्षं हेच करतोय, आणि गंमत अशी की दोष सापडला म्हणून मला वाईट वाटत नाही आणि माल चांगला निघाला म्हणून आनंदही होत नाही. बनवणारे वेगळे, शिव्या खाणारे वेगळे. आपलं काम बघण्याचं. गावाकडं, देवगाव रंगारीला, वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, सोमनाथ सोडून माझं नावच बघ्या पाडलं होतं. बारावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात आमच्या नव्या गोऱ्ह्याचा कासरा त्यांच्या पायात अडकला आणि त्यानं त्यांना बांधावरून पार विहिरीपर्यंत फरफटत नेलं. मी लिंबाखाली उभा होतो. कासऱ्याला पीळ कसा बसलाय, अण्णांचं धोतर कुठं फाटतंय, गोऱ्ह्याच्या नाकपुड्या कशा फुगल्यात, सगळं मला दिसलं, आणि त्या दिसण्यात मी इतका गढून गेलो की पाय उचलायचं राहूनच गेलं. शेवटी आईनं धावत जाऊन विळ्यानं कासरा कापला. संध्याकाळी ढोपराला हळद लावून घेता घेता अण्णा शेजाऱ्यांना सांगत होते, "आमचं पोरगं लई बघतं. यमाचा रेडा दारात आला तरी त्याची शिंगं निरखीत बसंल." सगळे हसले. मीही हसलो. मला ते कौतुकच वाटलं होतं.

ध्यानाच्या शिबिराला मला राजकुमारनं पाठवलं. त्याचं घर तीन पिढ्यांपासून बौद्ध. पौर्णिमेला सगळे विहारात जातात, त्याची आई वंदना तोंडपाठ म्हणते, पण डोळे मिटून तासभर बसायचं म्हटलं की राजकुमारला लगेच गुडघेदुखी आठवते. "तूच जा बाबा," तो म्हणाला, "तुला तसंही बघत बसायची सवय हाय." मी दहा दिवसांची रजा टाकली आणि गेलो. शहराबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी, दहा दिवस मौन. आधी नाकाखालून येणारा-जाणारा श्वास बघायचा, मग डोक्यापासून पायापर्यंत नजर फिरवायची. दुखलं तर दुखणं बघायचं, हलायचं नाही. इतरांचे हाल झाले. मला जमलं, इतकं चटकन जमलं की तेव्हाच शंका यायला हवी होती. जाणवेल त्याला नाव द्या असं तिथं कोणी सांगत नाही, ती माझी टेबलावरची खोड. ठणका. खाज. घाम. राग. उचलायचं, फिरवायचं, ठेवून द्यायचं. सातव्या दिवशी मला तो सापडला. गुडघ्याचं दुखणं खाली, आईची आठवण मधे कुठंतरी, आणि ह्या सगळ्याच्या मागं, जरा वर, कोरड्या जागी उभं राहून बघणारा एक जण. त्याला काही लागत नव्हतं, काही टोचत नव्हतं. मला वाटलं, हाच मी. बाकीचं सगळं नुसतं माझ्यासमोरून जाणारं.

दुपारी शंका विचारायची वेळ असायची. आचार्य म्हणजे एक निवृत्त कृषी अधिकारी, पिकावरच्या रोगाबद्दल बोलावं तशा आवाजात ते मनाबद्दल बोलत. मी म्हणालो, "सगळं येतं आणि जातं, हे दिसलं. पण बघणारा तिथंच राहतो. तोच आत्मा का?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "या वाटेवर तसं कोणी सापडत नाही," ते म्हणाले. "बघणं होतं, एवढंच. तुम्हाला तो बघणारा दिसला ना? दिसला म्हणजे तोही येण्याजाण्यातलाच. पुढच्या वेळी आला की त्याच्याकडंही बघा. त्याला काय हवंय ते बघा." मी मान हलवली, पण पटलं नाही. एवढी चांगली जागा सापडलेली, ती कशाला सोडायची? पावसात छपराखाली उभ्या असलेल्या माणसाला, छप्पर तुझं नाही, असं सांगण्यापैकी होतं ते. मी उठलो तसे ते पुन्हा म्हणाले, "घरी तासभर न हलता बसाल, तेव्हा एक ध्यानात ठेवा. लेकरू रडलं, दूध उतू गेलं, तर उठायचं. त्यानं निश्चय मोडत नसतो." हेही मी ऐकलं होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

नोव्हेंबरातला शुक्रवार. शुक्रवारी आमच्या कंपनीला सुट्टी असते. माझी बायको मोनिका शाळेत शिकवते, ती संध्याकाळी यायची होती. आई कापूस वेचणीसाठी देवगावला थांबली होती, आणि अण्णा डोळे तपासायला म्हणून चार दिवस आमच्याकडं आले होते. बारा वाजता मी त्यांना जेवायला वाढलं. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "तू आता सारखा देवावानी बसतो म्हनं." मी म्हणालो, "देव नाही अण्णा, श्वास बघतो." "बघ, बघ," ते म्हणाले, "तुला बघायला काय शिकवावं लागत नाय." मग ते पुढच्या खोलीत खाटेवर आडवे झाले. उशाशी स्टुलावर पाण्याचा ग्लास ठेवून मी भांडी आवरली आणि पावणेचारला आतल्या खोलीत दार लोटून बसलो. फोनवर तासाचा टायमर लावला. शिबिरावरून आल्यापासून बेचाळीस दिवसांत एकही खाडा झालेला नव्हता. बसून झालं की मी कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करायचो. ते गोल बघायला मला आवडायचं, हेही सांगून टाकलेलं बरं.

पुढच्या खोलीत ग्लास पडला. दोनदा उडाला, गरगरला, थांबला. आवाज, असं मी नाव दिलं. मग खाट कुरकुरली. आवाज. मग अण्णांच्या गळ्यातून काहीतरी आलं, 'सोम' असं सुरू होऊन पुढं चिखलात पाय रुतावा तसं अडकलेलं. माझ्या छातीत धस्स झालं. धडधड, असं मी त्याला नाव दिलं. तो वरचा, कोरडा, आपल्या जागी उभा होता आणि त्याला सगळं दिसत होतं. उठायला पाहिजे हे दिसत होतं, उठलो तर तास मोडेल हे दिसत होतं, म्हातारी माणसं झोपेत बरळतात ही पळवाटही दिसत होती. मी डावा डोळा किलकिला करून फोनकडं बघितलं. चार बारा. अजून तेहतीस मिनिटं. डोळा मिटला. ती तेहतीस मिनिटं मी फार चांगला बसलो. इतका स्थिर मी शिबिरातही कधी बसलो नव्हतो.

पावणेपाचला दार उघडलं तेव्हा अण्णा अर्धे खाटेवर, अर्धे खाली होते. तोंड उजवीकडं ओघळलेलं, उजवा हात अंगाखाली, आणि डोळे दाराकडं लागलेले. मग मात्र मी धावलो. शेजाऱ्यांना बोलावलं, रिक्षा आणली, मोनिकाला शाळेत फोन केला, साडेपाचला आम्ही दवाखान्यात होतो. डॉक्टर तरुण होता, माणूस चांगला होता. त्यानं विचारलं, "ह्यांना शेवटचं नीट कधी बघितलं?" मी म्हणालो, "बारा वाजता." ते काही खोटं नव्हतं, बघितलं बारालाच होतं. त्यानं मनातल्या मनात हिशोब केला. "साडेपाच तास झाले. साडेचार तासांच्या आतलं असतं तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं. नीट आठवा. मधे काही पडल्याचा आवाज, हाक, काही ऐकलं?" मोनिका माझ्या शेजारी उभी होती. चार बारा हे शब्द माझ्या जिभेवर होते. पण ते उच्चारले असते तर पुढचा प्रश्न आलाच असता, मग तुम्ही काय करत होता? मी म्हणालो, "मी आत झोपलो होतो." त्यानं दुसऱ्यांदा विचारलं. दुसऱ्यांदाही मी तेच सांगितलं. त्यानं कागदावर लिहिलं, वेळ निश्चित नाही. लाज माझ्या कानांपासून मानेकडं उतरत गेली, तिची लांबीरुंदीसुद्धा मला आज सांगता येईल. बघायचं काम तेव्हाही चालूच होतं. दोन दिवसांनी तोच डॉक्टर बोलता बोलता म्हणाला, ह्या इंजेक्शननं तिघांतल्या एकाला बराच फरक पडतो. उरलेल्या दोघांना मी तेव्हापासून घट्ट धरून बसलो आहे.

आई दुसऱ्या दिवशी सकाळी देवगावहून आली. दवाखान्याच्या पायरीवर तिनं चप्पल काढली ती पुन्हा घातली नाही. आम्हाला वाटलं, गडबडीत विसरली. अण्णांना घरी आणायच्या दिवशी मोनिकानं चप्पल पुढं केली तर पायानं बाजूला सारून म्हणाली, "राहू दे. मी हितं असते तर ह्यांना असं पडू दिलं नसतं. चार बोंडांपायी गावाला राहिले. चूक माझी, तर सजा बी माझी." मी तिथंच उभा होतो, औषधांची पिशवी धरून. त्याला आता अडीच महिने झाले. ती अनवाणी तीन जिने उतरते, अनवाणी दूध आणते, दळण आणते. रात्री जेवताना ताटाशी बसली की तिचे तळवे दिसतात आणि मी भाजीकडं बघत जेवतो.

अण्णांना सगळं कळतं. बोलता येत नाही, उजवा हात उचलत नाही. त्यांना उजवीकडचं नीट दिसत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि आई सवयीनं ग्लास नेमका उजव्या बाजूला ठेवते, म्हणून डाव्या हातानं चाचपताना तो पडतो. मोनिकाचं म्हणणं एवढं साधं आहे आणि ते बरोबरच असणार. पण दर वेळी ग्लास पडला की अण्णा माझ्याकडं बघतात. निदान मला तसं दिसतं. मी विचार करतो की आता आमच्या घरातला खरा बघणारा ते आहेत. हलत नाहीत, बोलत नाहीत, समोरून सगळं जाताना बघतात. मला सातव्या दिवशी जी जागा सापडली म्हणून मी खूश झालो होतो, तिथं त्यांना कायमचं बसवून ठेवलंय. त्यांना ती जागा नको आहे, हे त्यांच्या डाव्या हाताच्या मुठीकडं बघून कोणालाही कळेल.

"तू अजून बसतो का रे?" राजकुमारनं विचारलं. चहा निवून साय धरली होती.

"बसतो."

"मग हे काय? हात बघ जरा तुझा."

मी हात टेबलाखाली घेतला. बसतो हे खरंच होतं. रोज बसतो, आणि रोज तो वरचा मला दिसतो. पण आता त्याच्याविषयी एक गोष्ट मला माहीत झालेली आहे, आणि ती विसरता येत नाही. चार बाराला डोळा त्यानं उघडला होता. म्हणजे तो काही अलिप्त वगैरे नव्हता, त्याला आपले गोल पूर्ण करायचे होते. दवाखान्यातही तोच होता. आचार्य म्हणाले होते, त्याला काय हवंय ते बघा. त्याला हवं होतं की आपल्याला कोणी काही विचारू नये. एवढंच. लिंबाखालीसुद्धा त्याला तेच हवं असणार.

राजकुमार कपबशी बाजूला सरकवून म्हणाला, "बोलू का नको, कळंना. काल करुणाला तुझी आई दिसली, पीरबाजारात." करुणा म्हणजे त्याची बायको. "अनवाणी होती म्हनं. टाच फुटून रगत येत व्हतं. करुणानं रिक्षा थांबवली तर बसली नाय. म्हनली, माझं मला फेडू द्या. सोमनाथ, असं काय फेडायचं राहिलंय तिचं?"

मी उठलो. पैसे त्यानं दिले की मी दिले ते आठवत नाही. गाडी काढली आणि चौकातल्या सिग्नलला उभा राहिलो तेव्हा कळलं की आपण घरी जाऊन सांगणार आहोत. धीर आला होता असं नाही. आत जे काही चाललं होतं त्याला नाव द्यायचं मला सुचलं नाही.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून टाचेच्या भेगेत मेण भरत होती. मोनिका कणीक मळत होती. मी आईसमोर खाली बसलो.

"आई, चप्पल घाल."

"नाय." तिनं मान वर केली नाही.

"तुझी चूक नव्हती."

"मग कोणाची व्हती?"

"माझी," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. ग्लास, खाट, फोनवरचे आकडे, टायमर, डॉक्टरनं दोनदा विचारलेलं, इंजेक्शन. सांगायला फार वेळ लागला नाही. एवढ्याशा गोष्टीला मी अडीच महिने घेतले होते. मोनिकाचे हात परातीत थांबले. "तुम्ही झोपला होता म्हणालात," ती म्हणाली. मला उद्देशून तिनं त्या दिवशी एवढंच वाक्य उच्चारलं.

आईनं मेणाची डबी बंद केली. "हाक मारली व्हती का ह्यांनी?"

"व्हय."

"तुझ्या नावानं?"

"व्हय."

तिनं टाचेवरचं जादाचं मेण बोटानं पुसून काढलं. रडेल असं मला वाटलं होतं, मी त्याची तयारीही केली होती. "मला कशाला सांगतो?" ती म्हणाली. "हाक त्यांनी मारली व्हती. त्यांना सांग."

अण्णा पुढच्या खोलीत खाटेवर तक्क्याला टेकून बसले होते. मधलं दार उघडं होतं, त्यांनी ऐकलं असणारच. तरी मी त्यांच्या पायाशी गुडघे टेकून बसलो, पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो, आणि बोलता बोलता माझी शहरातली भाषा गळून गेली. "अण्णा, ग्लास पडला तवा म्या जागा व्हतो. तुमचा आवाज बी आला. म्या डोळा उघडून टाइम बघितला अन् पुन्हा मिटला. तुम्ही तिथं पडलेले, अन् म्या आत बसून राहिलो. डागदरला बी खोटं बोललो. त्याला खरं सांगितलं असतं तर ते इंजेक्शन..."

त्यांचा डावा हात कधी वर गेला ते मला दिसलं नाही. थोबाडीत बसली. चांगली जोरात बसली, नांगर धरलेल्या माणसाचा हात होता तो. मागं उभं राहून ती बघणारा कोणी नव्हता. गाल होता आणि तो पेटला होता. मी एका अंगाला झुकलो, माझं कोपर स्टुलाला लागलं आणि ग्लास खाली गेला. पाणी पसरलं. दोन्ही गुडघे ओले झालेले, ग्लास हातात, आणि तो मी गरगरायच्या आतच पकडला होता. केव्हा वळलो, केव्हा हात घातला, त्यातलं मला काही सांगता येणार नाही.

अण्णा धापा टाकत होते. ओघळलेल्या ओठातून 'स' असा काहीतरी आवाज येत होता, माझं नाव असेल किंवा शिवी असेल. डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि मला वाटतं माझ्याही गळत होतं. मी ग्लास भरून आणला. ह्या वेळी डावीकडून दिला. त्यांनी तो लगेच घेतला नाही. मी धरून राहिलो. मग घेतला, अर्धा प्यायले, उरलेला मला परत दिला.

आई दारात उभी होती. कधीपासून होती कोण जाणे.

"मोनिका," ती म्हणाली, "माझी चप्पल कुठं ठेवली गं?"

मोनिकानं कपाटावरून पिशवी काढली. आईनं उंबऱ्याबाहेर जाऊन चप्पल पायात घातली. एका टाचेला लागली असावी, तिचा चेहरा कळवळला. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. "दूध आणते," म्हणाली आणि निघाली. तिन्ही जिने उतरेपर्यंत तिच्या चपलांचा आवाज येत होता, आणि मी व अण्णा दोघंही तो ऐकत बसलो.